भिंतीकडची बाजू

बिलोलीच्या स्टँडवर एसटी लागली तेव्हा माझी ट्रंक वडिलांनी स्वतः टपावर चढवली. कडक इस्त्रीतला प्राथमिक शाळेचा मास्तर, पण त्या दिवशी हमालाला हात लावू दिला नाही. खाली उतरून खिडकीशी आले आणि म्हणाले, "पयल्या बाकावर बसायचं. मागं बसतो तो मागंच राहतो." आईनं शेंगदाण्याच्या चटणीचा डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि बस हलली तरी डब्यावरचा हात काढला नाही. दहावीला तालुक्यात पहिला आलो होतो. तालुक्यात पहिल्या आलेल्या पोराला त्या काळी कुणी गावात ठेवत नसे, लातूरला पाठवत.

तुमच्यातले जे औशाला, रेणापूरला, बिलोलीला राहिलात आणि जे माझ्यासारखे लांब गेलात, त्या सगळ्यांना हे लिहितो आहे. हॉस्टेलच्या ग्रुपवर आपण मेसच्या पातळ वरणावर हसतो, वाढदिवसाला केक पाठवतो. ही गोष्ट मात्र तिथं मी कधी काढली नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

लातूरला पोचल्यावर कळलं, की इथं प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या तालुक्यात पहिला आलेला आहे. दर रविवारी क्लासची परीक्षा असे आणि सोमवारी त्या मार्कांवर बाक बदलत. पुढचे मागं, मागचे पुढं. हॉस्टेलच्या रेक्टरांनी क्रिकेटवर बंदी घातली होती, कारण क्रिकेटमध्ये दिवस जातो. फुटबॉलला परवानगी होती, कारण तो चाळीस मिनिटांत संपतो. फुटबॉल आमच्यापैकी कुणालाच येत नव्हता. कुणी कुठं खेळायचं हे ठरवायला आमच्याकडे एकच माप होतं, तेच वापरलं. अकरा जणांत ज्यांना रविवारी सर्वात जास्त मार्क ते तिघं पुढं. त्यानंतरचे चौघं मध्ये, पुढचे तिघं मागं. आणि सर्वात कमी मार्कांचा गोलमध्ये. आज हसू येईल, पण तेव्हा ते आम्हाला न्यायाचं वाटायचं. मी पुढच्या तिघांत होतो आणि कॅप्टनही होतो.

गोलमध्ये व्यंकट असायचा. औसा तालुक्यातल्या, भूकंपात पडलेल्या एका गावचा. तेव्हा भूकंपाला पाच-सहा वर्षं झाली होती. त्या पहाटे आमच्या बिलोलीत फळीवरची भांडी वाजली होती, तेवढंच. व्यंकटच्या घराची दगडमातीची, दोन हात रुंदीची भिंत त्याच्यावर आणि त्याच्या आईवर आली. त्याला दुपारी काढलं. आईला संध्याकाळी. खोलीत त्यानं आपली कॉट भिंतीपासून ओढून मधोमध ठेवली होती आणि येता-जाता ठेच लागते म्हणून पोरं त्याला शिव्या घालत. कारण त्यानं फक्त मला सांगितलं होतं. "भिंत एकदम येत न्हाई, दिग्या. आधी झुकती. मंग थांबती. आपल्याला वाटतं, थांबली. मंग येती." त्यामुळे भिंतीकडे पाठ करून त्याला उभंच राहवत नसे.

आमच्या मैदानाला एका बाजूला दोन बांबूंचा गोल होता. दुसऱ्या बाजूला बांबू नव्हते, कंपाउंडच्या दगडी भिंतीवर चुन्यानं चौकट आखली होती. भिंतीकडची बाजू आली की व्यंकट चौकट सोडून दहा पावलं पुढं यायचा आणि चेंडू तिथंच अडवायचा. अडवायचाही. पोरं ओरडत, "ए, मागं सरक." तो सरकत नसे.

बारावीच्या वर्षी दिवाळीनंतर गडबड झाली. एका रविवारी आमच्या अकरा जणांत व्यंकट तिसरा आला आणि मी चौथा. नियमाप्रमाणे तो पुढं गेला, मी मध्ये आलो. तीन आठवडे तो पुढं खेळला आणि असा धावला, की मोकळं मैदान म्हणजे काय हे त्यालाच कळलंय असं वाटावं. त्याच सुमारास कॉलेजचे पीटी सर म्हणाले, की जिल्ह्याच्या संघासाठी पोरं बघायला येतो. आमच्या हॉस्टेलातून पुढं खेळणारे तिघं आणि गोलकीपर एवढेच बघणार, त्यांच्या नावांची यादी कॅप्टननं द्यायची, आणि पसंत पडले तरी त्यातला एखादाच घेणार. त्या संघातून खेळलं की सर्टिफिकेट, आणि सर्टिफिकेट असलं की इंजिनिअरिंगला खेळाडूंच्या जागेत नंबर लागायची आशा. माझे मार्क घसरत होते. घरून वडिलांची पत्रं येत होती आणि प्रत्येक पत्रात पहिला बाक होता.

त्या दिवशी समोर शेजारच्या हॉस्टेलचा संघ होता. सरांना तास होता, ते पहिला हाफच बघणार होते. मी अकरा जणांना जमवून सांगितलं, "आज जुनीच मांडणी. व्यंकट गोलला."

"का बे?" व्यंकट म्हणाला.

"सवय हाय तुला."

मग टॉस झाला. तो मी जिंकला. बांबूंची बाजू घेता आली असती. मी भिंतीकडची घेतली. आणि व्यंकटजवळ जाऊन हळूच म्हणालो, "सरांसमोर रेषा सोडून पुढं आलास, तर यादीत नाव देणार न्हाई."

त्यानं भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "टॉस तूच जिंकलास ना?" एवढंच विचारलं.

तो रेषेवर उभा राहिला. अर्धा भिंतीकडे वळून, एक डोळा चेंडूवर, एक मागं. चार गोल गेले. तिसऱ्या गोलाला तर तो चेंडूकडे बघतच नव्हता. पीटी सर हसून म्हणाले, "ह्याला गोल राखायला ठिवलंय का भिंत राखायला?" सगळे हसले, मीही हसलो. आमच्याकडून एकच गोल झाला, तो माझा. सरांनी माझं नाव लिहून घेतलं.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. मला पुण्यात जागा मिळाली. व्यंकटचा नंबर थोडक्यात हुकला. त्यानं नांदेडला बीएस्सी केलं, आता तिथंच फिजिक्सचा क्लास चालवतो, आणि जोरात चालतो म्हणतात. मी पुण्याहून इंग्लंडला आलो. लीड्समध्ये राहतो. इथली भिंत बोटानं वाजवली तर पोकळ वाजते.

इथं ऑफिसातल्या एकानं मला कॉम्प्युटरवरच्या फुटबॉलचा नाद लावला. ह्यात आपण खेळत नाही, मॅनेजर असतो. संघ निवडायचा, मांडणी ठरवायची आणि बाजूला उभं राहून बघायचं. करून सवरून नामानिराळं राहायची इतकी छान सोय मी दुसरीकडे पाहिली नाही. हव्या त्या नावाचा क्लब काढता येतो, हवे ते खेळाडू घालता येतात. प्रत्येकाचा वेग, दम, धीर, सगळं वीसपैकी किती ते आपणच भरायचं. मी लातूरचं हॉस्टेल काढलं. आपले अकराच्या अकरा घातले. मांडणीही तीच, मार्कांची. पुढं तीन, मध्ये चार, मागं तीन, आणि गोलमध्ये व्यंकट.

हौस म्हणून केलं असं म्हणायला मला आवडलं असतं. खरं कारण वेगळं होतं. मला सिद्ध करायचं होतं, की तो तसाही गळलाच असता. म्हणून त्याचे आकडे मी अगदी प्रामाणिकपणे भरले, न्यायाधीश असल्यासारखे. आणि तो गळेना. पहिल्या हंगामात आम्ही हरलो ते पुढच्या तिघांमुळे, त्यातही माझ्यामुळे. खेळातला सहायक कोच दर सामन्यानंतर एकच निरोप देई, की तुमचा गोलकीपर संघातला सर्वात भरवशाचा माणूस आहे. मी त्याचा धीर चौदावरून नऊवर आणला. तरी तो अडवतच राहिला. मग चारवर आणला. शेवटी एकवर आणला, तेव्हा एका शनिवारी दुपारी त्यानं पाच गोल खाल्ले. मला इतकं बरं वाटलं, की मी उठून चहा केला. चहा गाळताना लक्षात आलं, की त्याला पाडायला ह्याही वेळी माझाच हात लागला होता.

त्यानंतरच्या रविवारी मी त्याला फोन केला. वीस-बावीस वर्षांनी. तो ग्रुपवर आहे, पण कधी काही लिहीत नाही.

"बोल, इंग्लंड," तो म्हणाला.

मी त्या खेळाबद्दल सांगत सुटलो. क्लब, आकडे, मांडणी. त्यानं बराच वेळ ऐकलं आणि म्हणाला, "ताकाला जाऊन भांडं लपवू नको, दिग्या."

"त्या दिवशी टॉस जिंकून मी मुद्दाम भिंत घेतली."

"ठाव हाय की. मीच उभा होतो तिथं."

"माफ कर, गड्या."

त्याच्या मागं पोरांचा गलका ऐकू येत होता. "पेपर तपासायलोय," तो म्हणाला. "उद्या बाक बदलायचेत."

"मार्कावर बसवतोस?"

"मंग कशावर? शेवटचा भिंतीला." आवाजात काही म्हणजे काही नव्हतं. मग त्यानंच विचारलं, "तुझ्या त्या खेळात भिंत हाय का?"

"न्हाई. चारी बाजूंनी मोकळं मैदान असतं."

"मंग तिथं मी कसा असंल?"

मी पुन्हा माफीचं काढलं तेव्हा तो म्हणाला, "ती तुला पायजे, मला न्हाई. ठिवतो." आणि ठेवला.

बिलोलीतलं घर अजून आहे. वडील गेले. आई आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर चटणी पाठवते. ते माझं घर आहे असं मी इथल्या लोकांना सांगतो आणि मोबाईलवर फोटोही दाखवतो. पण घर म्हटलं की मला आधी ते मैदान दिसतं, दगडी भिंतीवर चुन्याची चौकट, आणि तिच्यासमोर अर्धा वळून उभा राहिलेला एक जण. जाण्यासारखं घर म्हणजे तेच, आणि तिथं मला कुणी बोलावलेलं नाही.

व्यंकटला मी त्या संघातून काढून टाकलं. तसं केल्यावर खेळ अडून बसतो. गोलकीपर निवडल्याशिवाय सामना सुरू होत नाही. म्हणून आता गोलमध्ये मी स्वतःला ठेवलं आहे, धीर एक, बाकी सगळंही एक. दर शनिवारी सात-आठ गोल खातो आणि बघत बसतो. पण माझ्याही मागं भिंत नाहीच.