डिपस्टिकची खालची खूण

जानेवारीतला पहिला शनिवार, सकाळ. जागा: शारजातल्या अल नहदामधल्या आमच्या इमारतीच्या तळघरातलं पार्किंग. हजर: मी, नवरा आणि डोळे चोळत उभी असलेली आमची मुलगी. गैरहजर: गाडीचा आधीचा मालक. तो माझ्या नवऱ्याचा इथला सर्वांत जुना मित्र, गेल्या उन्हाळ्यात कुटुंबासह कायमचा पुण्याला परतलेला.

मी इंजिनमधलं तेल मोजायची पट्टी, डिपस्टिक, ओढली, फडक्याने पुसली, पुन्हा आत घातली आणि काढली. तेल खालच्या खुणेच्याही खाली होतं. महिन्यापूर्वी मीच ते वरच्या खुणेपर्यंत भरलं होतं.

"उडालं असेल," नवरा म्हणाला. "गर्मीने."

"जानेवारीत?"

"आई, इट्स जस्ट ऑइल. टॉप अप कर ना," मुलगी म्हणाली.

पुढे ती नोकरीला लागेल तेव्हा तिला म्हणूनच तर ही गाडी घेतली होती. आता तिला दुबईपलीकडच्या जबल अलीत एका मालवाहतुकीच्या कंपनीत पहिली नोकरी लागली होती आणि ती फेब्रुवारीत रुजू होणार होती. मी माझ्या गाडीने हमरिया फ्री झोनमधल्या ऑफिसला जाते, नवऱ्याला कंपनीची बस आहे. शारजाहून जबल अलीचा रस्ता म्हणजे दोन्ही बाजूंना ट्रेलर आणि मध्ये आपण. तेल संपलं की इंजिन जागच्या जागी जाम होतं, कडेला घ्यायलाही वेळ देत नाही. त्यामुळे प्रश्न एवढाच होता: ही गाडी मुलीच्या हातात द्यायची की नाही.

गाडी घेताना माझ्या यादीत "टेस्टिंग सेंटर" असं एक काम होतं. इथे ते अगदी सोपं आहे. गाडी नेऊन द्यायची, ते वरून-खालून तपासून लेखी अहवाल देतात. अनोळखी माणसाकडून कोणी सायकलसुद्धा न तपासता घेत नाही. पण इथल्या आपल्या मराठी मंडळातला कोणी कायमचा परत निघाला की त्याचं घर आपल्यातच वाटलं जातं. मिक्सर एकाकडे, सोफा दुसऱ्याकडे, देव्हारा तिसऱ्याकडे आणि गाडी सगळ्यात जवळच्या माणसाकडे. त्यात तपासणी बसत नाही.

"तो काय मला फसवणार?" नवरा म्हणाला होता. "एका खोलीत राहिलोय आम्ही. डबा एक, गादी एक. टेस्टिंगला न्यायची म्हटलं तर त्याला काय वाटेल?"

त्यामुळे गाडी टेस्टिंगला गेलीच नाही. गाडी सोपवायच्या दिवशी वहिनींनी बॉनेटवर हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला आणि डोळ्यांना पदर लावला. मित्राने डिकी उघडून आतला ऑइलचा डबा दाखवला. "हा राहू दे माझ्याकडून. कधी लागलं तर." आम्हाला किती भरून आलं होतं. जाता जाता आपल्या गाडीची एवढी काळजी कोण करतं, असं मी घरी येऊन बोलूनही दाखवलं.

तेल कुठे जातंय हे शोधायला मी पद्धतशीर सुरुवात केली. ते एक तर बाहेर गळतं, किंवा आतल्या आत जळतं, किंवा रेडिएटरच्या पाण्यात मिसळतं. चौथी वाट नाही.

आधी गळती. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा इंजिनखाली पसरला आणि गाडी रात्रभर तशीच ठेवली. सकाळी पुठ्ठा कोरडा. वॉचमनने विचारलं, "मॅडम, बिल्ली के लिए बिछाया क्या?" मी हो म्हटलं, कमी बोलावं लागलं.

मग पाणी. रेडिएटरच्या बाटलीतलं पाणी स्वच्छ होतं, वर तवंग नाही. तेलाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ताकासारखा पांढरा फेस असतो का ते पाहिलं. नव्हता.

तरी नवऱ्याने गाडी माझ्या ऑफिसजवळच्या एका वर्कशॉपमध्ये न्यायला लावली. काचेचं ऑफिस, कॉफीचं मशीन, टाय लावलेला माणूस. वास्तविक मंडळातले सगळे शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एकाच गॅरेजमध्ये जातात. तिथला उस्ताद मूळचा लाहोरचा, मंडळातल्या निम्म्या गाड्या त्याने उघडून पाहिलेल्या.

"तिथे नको," नवरा म्हणाला. "तिथे नेली की संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळेल, आपण त्याच्या गाडीबद्दल तक्रार करतोय म्हणून."

टायवाल्याने इंजिन धुतलं, वरच्या झाकणाचं गास्केट बदललं आणि "खलास, मॅडम, नो मोर प्रॉब्लेम" म्हणत किल्ली दिली. पंधरवड्यात तेल पुन्हा खाली गेलं. मात्र धुतलेलं इंजिन बाहेरून तसंच चकचकीत कोरडं राहिलं होतं. म्हणजे बाहेर गळत नव्हतं हे नक्की झालं. त्या बिलातून मला मिळालेली उपयोगाची गोष्ट तेवढीच.

उरलं जळणं. सकाळी थंड इंजिन सुरू करताना नवऱ्याला मागे उभं केलं. धूर नाही. "बघ," तो म्हणाला. मी म्हटलं, अजून चालवून पाहिलेली नाही.

त्या शुक्रवारी मी गाडी चालवली आणि मुलीला मागच्या सीटवर उलटं बसवून तिच्या हातात फोन दिला. नवरा शेजारी. सपाट रस्त्यावर काही दिसलं नाही. पुलाचा चढ आला तसा मी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला.

"आई, देअर," मुलगी म्हणाली. "ब्लू-इश. लाइक अ लॉट."

नवऱ्याने मान वळवून पाहिलं नाही. तो समोरच्या ट्रकच्या नंबरप्लेटकडे पाहत राहिला. घरी आल्यावर मी व्हिडिओ त्याच्यासमोर ठेवला. निळा धूर म्हणजे तेल पेट्रोलबरोबर जळतंय. थंड इंजिनला दिसत नाही आणि जोर दिल्यावर दिसतो, म्हणजे संशय पिस्टनच्या रिंगांवर. त्या झिजल्या की तेल वर चढतं. हे त्याला माझ्याइतकंच कळतं, इंजिनिअर तो आहे.

"आता उस्तादकडे," मी म्हटलं. या वेळी त्याने खिळ्यावरची किल्ली काढून माझ्या हातात दिली.

उस्तादने बॉनेट उघडायच्या आधीच गाडीभोवती एक चक्कर मारली. "ये तो वो पूनावाले भाईसाब की गाडी है. आपने ली?"

मी म्हटलं, कॉम्प्रेशन तपासा, आधी कोरडं, मग थोडं तेल सोडून. तो हसला. "मॅडम, आप गॅरेज खोल लो, मैं नौकरी करूंगा." त्याने एकेक स्पार्क प्लग काढला, त्या जागी मीटर लावला. दोन सिलिंडरांचा दाब कमी होता. मग प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजलं. काटा वर चढला. तेलाने फट भरली की दाब वाढतो, म्हणजे फट रिंगांपाशीच आहे. माझा अंदाज बरोबर निघाला होता, आणि मला त्याचा काडीचाही आनंद झाला नाही.

"इंजिन खोलना पडेगा," उस्ताद हात पुसत म्हणाला. "मैंने तो भाईसाब को पिछले साल ही बोला था. बोले, रहने दो, गाडी अब जानेवाली है. मोटा ऑइल डाल दो, कम पिएगी."

नवऱ्याने विचारलं, "पिछले साल? पक्का?"

"अरे सर, ईद के पहले. मोटा ऑइल मैंने ही दिया, पूरा डब्बा."

डिकीतला डबा मी बाहेर काढला. गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या ऑइलपेक्षा खूप दाट ऑइल, झिजलेल्या रिंगांमधून कमी चढणारं; डबा अर्धा संपलेला. पहिल्या दिवशीही तो अर्धाच होता. भेट म्हणून दिलेला डबा अर्धा का, हे आम्ही कोणी विचारलं नव्हतं.

रिंगांचं काम गाडीच्या किमतीच्या जवळपास जात होतं. नवऱ्याने तो आकडा मनातल्या मनात रुपयांत केला असावा, कारण परतीच्या रस्त्यात त्याचे ओठ हलत होते. मी विचारलं, "फोन कधी करणार त्याला?"

"करतो."

फोन त्याच्याकडूनच आला, रविवारी दुपारी, व्हिडिओवर. मी पोळ्या लाटत होते. वहिनी मागून हात हलवत होत्या, घराला नवा रंग दिलाय म्हणून भिंती दाखवत होत्या. मित्राने विचारलं, "काय, गाडी कशी आहे माझी?"

"एकदम मस्त," नवरा म्हणाला. "काही प्रश्न नाही."

मी लाटणं खाली ठेवलं. फोन बंद झाल्यावर म्हटलं, "हे काय होतं?"

"काय बोलू? तीस वर्षांचा संबंध आहे."

"गाडी देताना त्याला तो आठवला का?"

तो उठून बाल्कनीत गेला. खाली दुबईच्या दिशेने सिग्नलला गाड्या एकामागे एक तुंबून उभ्या होत्या. बाल्कनीतून दुसरं काही दिसतच नाही.

मुलगी फेब्रुवारीत रुजू झाली. ती अंधारात उठून कारलिफ्टने जाते, एका व्हॅनमध्ये अनोळखी माणसांबरोबर, आणि येते तेव्हा जेवायचंही तिच्या अंगात त्राण नसतं. "इट्स फाइन, आई," म्हणते. फाइन नाही हे तिच्या बुटांच्या आवाजावरून कळतं. तिला दुसरी गाडी घ्यायची तर ही विकायला हवी. ही खरं सांगून विकायची तर भंगाराच्या भावात जाईल.

आणि मागच्या आठवड्यात नवऱ्याने मला न विचारता मंडळाच्या ग्रुपवर गाडीचे फोटो टाकले. खाली लिहिलं, "घरगुती वापर, नियमित सर्व्हिसिंग." ते खोटंही नाही. एवढी सर्व्हिसिंग कुठल्या गाडीची झाली नसेल.

संध्याकाळपर्यंत उत्तर आलं. समोरच्या टॉवरमध्ये ठाण्याहून नवं जोडपं आलंय, लग्नाला फार दिवस झालेले नाहीत. मुलाची नोकरी जबल अलीत. दोघं घरी आली, चहा घेतला, खाली जाऊन गाडीच्या दारांवरून हात फिरवला. मी म्हटलं, टेस्टिंगला न्यायची असेल तर न्या. मी एवढंच बोलू शकले, नवरा शेजारी उभा होता.

"छे हो काकू," तो मुलगा म्हणाला. "तुमच्याकडची म्हणजे बघायलाच नको. काका काय आम्हाला फसवणार?"

त्याच्या बायकोने विचारलं, "शुक्रवारी नेली तर चालेल? दिवस चांगला आहे. नारळ आम्ही आणू."

दोघं गेल्यावर आमचं भांडण झालं नाही. नवरा म्हणाला, "सांगतो मी त्यांना, थोडं तेल लागतं म्हणून." मी म्हटलं, "थोडं?" तो म्हणाला, "मग मुलीला आयुष्यभर व्हॅनमध्ये बसव." एवढं बोलून तो झोपायला गेला.

आज बुधवार. सकाळी मी तळघरात जाऊन डिपस्टिक काढली. तेल बरोबर वरच्या खुणेवर, आणि बोटाला लावलं तर मधासारखं दाट. ते मी भरलेलं नाही. डिकी उघडली. नवा डबा होता, सीलबंद. या वेळी अर्धा नव्हता, एवढी सुधारणा आम्ही केली आहे.

शुक्रवारच्या कामांतलं बाकी सगळं झालं. मुल्कियाची, म्हणजे गाडीच्या नोंदणीकार्डाची, प्रत काढली, विम्याला कळवलं, मागच्या सीटवरच्या मुलीच्या वस्तू वर आणल्या. समोरच्या टॉवरमधल्या त्या नव्या नवरीचा नंबर माझ्याकडे आहे. रिंगा गेल्यात, जबल अलीच्या रस्त्यावर ही गाडी नेऊ नका, एवढंच तिला सांगायचं आहे. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिचा नंबर काढला होता. तेवढ्यात माझ्या मुलीचा मेसेज आला, संध्याकाळची व्हॅन बंद पडलीय, यायला उशीर होईल.

फोन करायचा राहिलाय.