डोमाभाऊंचा धुरा

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. लेकीला नाही, आणि जिच्यापासून माझं काहीच लपत नाही त्या माझ्या बहिणीलाही नाही. तिच्याशी बोलताना दोनदा अगदी ओठांवर आलं होतं — दोन्ही वेळा मी चहा ठेवायला उठले. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. की आता वय झालं म्हणून? कोण जाणे. मध्येच मी भलतंच काही सांगत बसले तर समजून घ्या — हा विषय टाळायची मला जुनी सवय आहे.

एकोणीसशे नव्वद साली मी तेवीस वर्षांची होते. वडील चंद्रपूरला वीज केंद्रात फिटर. आमच्या घरात पदवी घेतलेली पहिली मुलगी मी. नागभीडहून चिमूरकडे जाताना लागणाऱ्या एका गावात, एका खाजगी संस्थेच्या शाळेत मला नोकरी लागली. तीही तात्पुरती — दरवर्षी जूनमध्ये संस्थेची मंडळी ठरवणार, ही बाई ठेवायची की घरी पाठवायची. गावाचं नाव सांगत नाही. तिथं अजून माणसं राहतात, आणि चूक त्यांची नाही.

खोली मिळाली ती डोमाभाऊंच्या घरी. साठीचे, किडकिडीत, कानावर अर्धी विडी खोचलेली. बायको गिरजाबाई. मूलबाळ नव्हतं. मला त्यांनी ठेवलं भाडेकरू म्हणून आणि आठ दिवसांत लेक करून टाकलं. पहिल्याच महिन्यात मी तापानं पडले, तर गिरजाबाई उशाशी बसून, आणि डोमाभाऊ दाराबाहेरून सारखे विचारणार, “बाईनं पेज पेली काय?” लेकीसारखं करायचे, पण हाक मात्र ‘बाई’च. शाळेतल्या बाईंना नावानं हाक मारणं त्यांना जमेचना.

त्यांना वाचता येत नव्हतं. पेपर दुपारच्या एस.टी.नं यायचा, आणि शाळा सुटल्यावर मी छपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत बसून तो त्यांना वाचून दाखवायचे. त्याच ऑगस्टमध्ये इराकनं कुवेत घेतला. डोमाभाऊंनी नकाशात दोन्ही देश बोटानं दाखवायला लावले, त्या एवढ्याशा ठिपक्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “म्हणजे धुरा कोरला म्हणा की.”

आमच्या भागात धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. तो कोरणं म्हणजे शेजाऱ्याची जमीन हळूहळू आपल्यात घेणं. पुस्तकातली धुरा वेगळी, ती जबाबदारी — हे मला ठाऊक, त्यांना नाही. एकदा मी वाचलं, कोण्या नेत्यानं ‘देशाची धुरा हाती घेतली’. झालं! विडी कानावरून खाली आली.

“कोणाचा धुरा घेतला म्हणता?”

“देशाची धुरा, भाऊ.”

“हाती कसा घेतात बाई? धुरा तं जमिनीत राह्यते. हाती घेतला म्हणजे कोरलाच ना त्यानं!”

मी हसून हसून लोळायची बाकी राहिले. किती समजावलं, त्यांना पटलं नाही. धुऱ्याला हात लावणारा माणूस चांगला असूच शकत नाही, या मुद्द्यावर गडी शेवटपर्यंत ठाम.

त्यानंतर रोज कुवेत. जगातल्या मोठ्या नेत्यांनी काय करायला हवं, हे डोमाभाऊंना अगदी स्पष्ट दिसत होतं. म्हणायचे, त्यायनं पह्यल्याच दिवशी जाऊन सांगाले पाह्यजे होतं. उशीर केला का नव्या धुऱ्यावर गवत उगवते, मंग लोकायले तोच खरा वाटते. म्हणायचे, धुरा कोरणाऱ्याच्या घरचं पाणी पिऊ नोका, त्याच्यासंगं देणंघेणं करू नोका — पण त्याच्या लेकरायले भुकं ठेवू नोका, लेकरानं काई फावडं नाई मारलं. आणि लढाईचं नाव निघालं की मान हलवायचे. “धुरा सोडवाले गेले आन् बांधीच जाळून आले, तं सोडवलं काय?” बांधी म्हणजे धानाचं शेत. मी बी.ए.ला राज्यशास्त्र घेतलं होतं. इतकं सरळ मला कोणी शिकवलं नव्हतं.

त्यांना हे सगळं इतकं कळत होतं, कारण त्यांचाही एक शेजारी होता. गुलाबराव. मोठे शेतकरी — आणि आमच्या शाळेच्या संस्थेवर सभासद. डोमाभाऊंच्या दोन बांध्या, त्यांना लागून गुलाबरावांचं रान. मधल्या धुऱ्यालगत डोमाभाऊंच्या बाजूनं एक पाट होता. बोडीचं, म्हणजे गावतळ्याचं पाणी त्या पाटानं त्यांच्या खालच्या बांधीत जायचं. पट्टी पाच-सहा हातांची. पण ती गेली तर पाणी गेलं, आणि पाणी गेलं तर खालची बांधी गेली. गुलाबरावांचा डोळा होता तो त्या पाटावर.

जानेवारीत चंद्रपूरला शिक्षकांची वक्तृत्व स्पर्धा निघाली. विषय — एका देशाने दुसऱ्यावर आक्रमण केल्यास जगाच्या नेत्यांनी काय करावे? माझ्या हातात आयतंच पीक होतं. मी डोमाभाऊंचंच सगळं लिहून काढलं. गवत, पाणी, लेकरं, जळलेली बांधी. भाषा तेवढी शाळेची केली. त्यांचं नाव घेतलं नाही. पण मला सांगायचं आहे ते हे नाही. हे तर लहान.

स्पर्धा रविवारी. शनिवारी पहाटे मी गावाबाहेर गेले होते. बायकांना पहाटे कशाला जावं लागायचं ते तुम्हाला सांगायला नको, घरात सोय नव्हती. धुकं होतं, पण फटफटलं होतं. धान कापून झालेलं, बांध्यांमधून लाखोळीचं कडधान्य वीतभर वर आलेलं. मी पळसाच्या झाडाआड होते. आणि समोर गुलाबराव. सोबत त्यांचे दोन गडी. एकानं फावड्यानं धुरा फोडला, दुसऱ्यानं हद्दीचा गोटा उपटला. तो गोटा पाटाच्या पलीकडे, डोमाभाऊंच्या बांधीत नेऊन गाडला. गुलाबरावांनी स्वतः पायानं माती दाबली. वीस पावलांवरून मी हे पाहिलं.

धावत घरी आले. गिरजाबाई पाणी भरायला गेल्या होत्या. डोमाभाऊंना एकट्यांना सगळं सांगितलं — दम लागला होता, रडू येत होतं, राग तर विचारू नका. त्यांनी कानावरची विडी काढून पेटवली. मग म्हणाले, “तुमी पाह्यलं ना बाई? मंग झालं.” किती भरवशानं म्हणाले! सोमवारी गावसभेत विषय घ्यायचं त्यांनी सरपंचांना सांगून टाकलं, आणि मी चंद्रपूरला गेले.

पहिला नंबर आला. शेवटी मी म्हटलं होतं, ‘ज्यांनी जगाची धुरा हाती घेतली आहे, त्यांना कोरलेला धुरा का दिसत नाही? अन्याय पाहून जो गप्प बसतो, त्यानं एक फावडं स्वतःच मारलेलं असतं.’ सभागृहात टाळ्याच टाळ्या. माझे वडील मागच्या रांगेत उभे राहून टाळ्या वाजवत होते.

सोमवारी शाळा सुटल्यावर ग्रामपंचायतीपुढे सभा भरली. आपल्याकडची कुठलीही सभा, भांडणाची का असेना, आधी सत्कार करते. सत्कार माझा! आणि तो करायला उठले कोण? गुलाबराव. “आमच्या बाईनं चंद्रपुरात गावाचं नाव काढलं,” म्हणाले आणि माझ्या हातात नारळ दिला. कोणीतरी म्हणालं, बाई, दोन शब्द होऊन जाऊ द्या. मी ते शेवटचं वाक्य म्हणून दाखवलं. हो — म्हणून दाखवलं. गुलाबरावांनीही टाळ्या वाजवल्या. मग खाली बसताना हळूच म्हणाले, “जूनमधी कायमचं करून टाकू तुमचं. अशी मास्तरीण सोडाची काय आमी?”

धमकी होती का ती? आजही मला ठामपणे सांगता येत नाही. कदाचित नुसता आनंद असेल. त्यांना तर माहीतही नव्हतं की मी पाहिलं आहे.

मग विषय निघाला. डोमाभाऊ उभे राहिले, म्हणाले, गोटा हलवला, पाट गेला. गुलाबराव म्हणाले, गोटा तिथीच होता, म्हातारपणी भाऊले दिसत नाई. लोक हसले. सरपंचांनी विचारलं, “कोणी पाह्यलं काय, डोमा? साक्षीले कोणी हाये काय?”

डोमाभाऊंनी माझ्याकडे बघितलं.

मी — मी मांडीवरच्या नारळाची शेंडी सोलत होते. एकेक केस ओढत होते. तोंडातून शब्द फुटला नाही असं लोक म्हणतात ना, तसं नव्हतं ते. शब्द होते. दोन होते, ‘मी पाहिलं’. तयार होते, जिभेवर होते. मी ते गिळले. मनात जून महिना होता, आणि वडिलांच्या टाळ्या, आणि कोणीतरी विचारेल की पहाटे तुम्ही तिथं काय करत होता — हेही होतं. पण सगळ्यात आधी जून होता.

मान वर केली तेव्हा ते अजून माझ्याचकडे बघत होते. रागानं नाही. ताप आला होता तेव्हा दारातून बघायचे तसं. मग त्यांनी गुलाबरावांकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे — आणि त्यांना सगळं कळलं. माझ्या नोकरीचं कळलं.

“नाई जी,” ते सरपंचांना म्हणाले. “कोणी नाई पाह्यलं.”

आणि खाली बसले. विषय संपला.

दुसऱ्या दिवशी मी खोलीतून बाहेरच आले नाही. संध्याकाळी दाराशी आवाज आला, “पेपर आला, बाई. वाचता ना? काय म्हणते कुवेत?” तोवर तिकडे बाँब पडायला लागले होते. मी वाचत गेले, ते ऐकत गेले. सभेचा विषय त्यांनी काढला नाही. त्या दिवशी नाही, पुढच्या तीन वर्षांत कधीच नाही. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मी म्हणणार होते — पण तेही स्वतःचीच सोय बघणं झालं.

जूनमध्ये नोकरी कायम झाली. मी पेढे वाटले. पहिला पेढा त्यांनाच दिला. “ब्येस झालं बाई,” म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले होते.

ऑक्टोबरमध्ये धान भरायच्या वेळी शेवटचं पाणी लागतं. मी छपरीत वह्या तपासत होते. डोमाभाऊंनी धुतलेला सदरा घातला, खुंटीवरची पांढरी टोपी काढली. शेतावर जाताना ते कधी टोपी घालत नसत. मी विचारलं, “कुठं निघालात भाऊ?” म्हणाले, “गुलाबरावाकडं. पाणी सोडता काय, विचारून येतो.” स्वतःच्या पाटाचं पाणी मागायला माणूस टोपी घालून निघाला होता. मी पुन्हा वह्यांमध्ये डोकं घातलं. कधी पाणी मिळायचं, कधी उशिरा मिळायचं. दोन वर्षं तरी खालच्या बांधीतलं धान पोचट निघालं, आणि खालच्या बांधीचं नाव घरात निघेनासं झालं.

मग मला चंद्रपूरला शाळा मिळाली, लग्न झालं, वर्षं गेली. दिवाळीला पत्र टाकायचे, तेही पुढे थांबलं.

दोन हजार तीन साली पुन्हा इराकचं नाव आलं. या वेळी शिरणारे दुसरे होते, मोठे होते. वर्गात मुलांनी विचारलं, “मॅडम, बाकीच्या देशांनी काय करायला पाहिजे?” मी उत्तर दिलं. चांगलं दिलं, मुलं अगदी गप्प होऊन ऐकत होती. बोलता बोलता लक्षात आलं की मी अजून त्याच माणसाची वाक्यं बोलते आहे. त्या रविवारी एस.टी.नं गावी गेले. ठरवून गेले होते. सांगायचं, सगळ्यांसमोर सांगायचं.

डोमाभाऊ आदल्या वर्षीच गेले होते. मला कोणी कळवलं नव्हतं. कळवणार तरी कशाला?

गिरजाबाई थकल्या होत्या, पण मला बघून त्यांचा चेहरा असा उजळला की मी त्यांच्या गळ्यात पडून रडले. त्यांना वाटलं, मी डोमाभाऊंसाठी रडते आहे. तेही खरंच होतं. त्यांनी चूल पेटवली. भात, लाखोळीची डाळ, वांग्याची भाजी. मला पाटावर बसवलं आणि समोर बसून वाढायला लागल्या.

“बाई, एक इचारू काय?” त्या म्हणाल्या. “तुमी तं तवा इथीच होत्या. त्या गोट्याचं. मरेपरेंत हे एकच म्हणत, कोणी नाई पाह्यलं. मले नाई पटत. सकाळी इतक्या बाया तिकडं जातात, कोणी ना कोणी पाह्यलंच असन. तुमाले काही मालूम हाये काय?”

अकरा वर्षं. एका घरात, एका चुलीपाशी, अकरा वर्षं — आणि त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

गिरजाबाई माझ्याकडे बघत होत्या. घरात आम्ही दोघीच होतो. गुलाबराव नाही, सरपंच नाही, जून नाही.

“नाई, गिरजाबाई,” मी म्हटलं. “मले नाई मालूम.”

“बरं,” त्या म्हणाल्या, आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला. मी तो सगळा खाल्ला.