जून पानं

मृणालने संचिताला पहिल्यांदा पाहिलं ते ठाण्याच्या कॉलेजच्या जिन्यावर. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली तिवराची पानं.

"ओ ताई, आत्ताच लादी पुसलीय!" शिपाई ओरडला.

"द्या फडकं, मी पुसते," संचिता म्हणाली, आणि खरंच पुसली. जरा वेळाने तोच शिपाई तिला चहा विचारत होता. मृणाल बी.एस्सी.पासून त्या जिन्याने जा-ये करत होती; तिला कधी कुणी पाणीही विचारलं नव्हतं. ते तिला खुपलं.

दोघी हेमा मॅडमच्या प्रयोगशाळेत एम.एस्सी. करत होत्या. खाडीतली झाडं एकमेकांची किती जवळची नातलग आहेत, हे मृणाल त्यांच्या डीएनएवरून शोधत होती. त्याच झाडांच्या पानांत अँटिऑक्सिडंट द्रव्यं किती, हे संचिता मोजत होती. वर्ष संपल्यावर मॅडम एकीलाच मदतनीस म्हणून ठेवणार होत्या. ती जागा आपलीच, असं मृणालने डोंबिवलीला आईला सांगूनही टाकलं होतं.

संचिताचं घर कळव्याला, खाडीच्या बाजूला. वनखात्याची परवानगी मिळाल्यापासून दोघींसाठी पानं तीच आणायची.

मृणालच्या नळीत डीएनएचे पांढरे धागे यायला हवे होते. यायचा तो तपकिरी, चिकट गाळ, चिरून ठेवलेल्या वांग्यासारखा काळपटलेला. शेजारी संचिताचं जांभळं द्रावण पानांचा अर्क पडला की हळूहळू पिवळं व्हायचं, द्रव्यं जितकी जास्त तितकं लवकर, आणि मुलं बघायला जमायची. मॅडम कौतुकाने म्हणायच्या, "हात चांगला आहे हो पोरीचा." मृणाल ओठांनी हसायची.

एक दिवस तिने दोन्ही पिशव्या उघडून पाहिल्या. संचिताच्या पिशवीत कोवळी पालवी, तिच्या पिशवीत जाड, जून पानं. तिचं डोकंच फिरलं.

"कोवळी सगळी तुला, आणि मला हे चामडं? म्हणून माझं बिघडतंय!"

संचिता गोंधळली. "अगं, तुला मुद्दाम मोठी, भरलेली देते. तुझं काम जास्त कठीण ना. उरलेलं मी घेते."

गलका ऐकून मॅडम आल्या. पिशव्या पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं बायांनो, या झाडांच्या जून पानांत, संचिता, तू मोजतेस तीच द्रव्यं ठासून भरलेली असतात. त्यांनीच हिचा डीएनए नासतोय. आणि तू पालवी घेऊन स्वतःचेच आकडे खाली आणतेयस. बदला पिशव्या!"

बदलल्या. मृणालच्या नळीत पांढरे धागे तरंगले, झाडांची नाती उलगडली. संचिताचं जांभळं द्रावण तर आता बघता बघता पिवळं होऊ लागलं, आणि तिचे आकडे असे चढले की जागा तिलाच मिळाली.

मृणालने पेढा घेतला, अभिनंदन केलं. घरी आईला म्हणाली, "भांडून भांडून मीच तिला ती पानं मिळवून दिली गं." गप्प राहिली असती, तर तिच्या स्वतःच्या नळीत गाळच राहिला असता, हेही तिला कळत होतं. त्याने राग उतरला नाही.

मृणाल आता वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात औषधं तपासते. संचिता त्याच प्रयोगशाळेत आहे. पानं स्वतः आणते, आणि चिखलाच्या पायांनी आली की जिना स्वतः पुसते.