सावकाश जगा, पण फोन उचला

राग आला की त्याच दिवशी बोलून टाकावा म्हणतात. मी नाही बोलले. म्हणून गेल्या वर्षभरातले ऑफिसचे प्रकार माझ्याकडे इतके साठलेत, की मैत्रिणी चहाला जमल्या की स्वतःच विचारतात, "हं, तुमच्या शांततेचं काय नवीन?"

शांतता म्हणजे आमच्या साहेबांची शांतता. आमचं ऑफिस गंगापूर रोडला. ठिबक सिंचनाच्या पाइपांबद्दल शेतकऱ्यांच्या तक्रारी येतात, त्या आम्ही फोनवर घेतो. वर्षापूर्वी साहेब कुठल्याशा शिबिरात दहा दिवस मौन पाळून आले. ते दहा दिवस त्यांचं काम आम्ही ओढलं. आल्यावर त्यांनी आम्हाला मीटिंग रूममध्ये बसवून मौनाचं महत्त्व सांगितलं. पावणेदोन तास!

*

मग दर बुधवारी ध्यान सुरू झालं. वेळ, एक ते दीड. आमची जेवणाची सुट्टीही एक ते दीडच.

पहिल्या बुधवारी एक बाई आल्या. डोळे मिटा म्हणाल्या, फक्त या क्षणात राहा म्हणाल्या. दीडला डोळे उघडले आणि फोन वाजायला लागले, ते सहापर्यंत. डबा तसाच घरी नेला. उन्हाळ्याचे दिवस, वरणाला वास आलेला. पहाटे उठून केलेलं अन्न मी केराच्या डब्यात ओतलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं, ध्यान तरी दुसऱ्या वेळी ठेवा, नाहीतर सुट्टी तरी वेगळी द्या. बोलताना माझा आवाज चढला असेल. ते हसून म्हणाले, "मॅडम, राग हा तुमचा आतला प्रश्न आहे."

*

त्यानंतर ॲप आलं. दर तासाला मोबाइल टुणटुणायचा, 'थांबा, खोल श्वास घ्या', आणि घेतला की बटण दाबायचं. ज्यांनी दाबलं नाही त्यांची नावं संध्याकाळी ऑफिसच्या ग्रुपवर लाल अक्षरांत यायची. वणीकडचा एक शेतकरी बाग सुकत चाललीय म्हणून रडकुंडीला येऊन सांगत होता, आणि मी एका हातानं त्याची तक्रार लिहीत दुसऱ्या हातानं बटण दाबत होते. श्वास घ्यायचा राहूनच गेला.

आमच्यातले भामरे मूळचे सटाण्याचे, वय पंचावन्न, साधा बटणांचा फोन वापरणारे. त्यात ॲप बसेना. साहेबांनी त्यांना सगळ्यांसमोर विचारलं की मग तुमच्या श्वासाची नोंद ठेवायची कशी? अगदी गंभीरपणे विचारलं.

भामरे म्हणाले, "माझा आपोआप चालतो, सर."

*

आता माझा किस्सा. हा सांगताना मला हसू येत नाही.

आईला अर्धांगवायू झाल्यापासून संध्याकाळी मी तिला भरवते. एकेक घास सावकाश द्यावा लागतो, घाई केली की ठसका लागतो. त्या शुक्रवारी फोन सारखा वाजत होता. सहाव्यांदा वाजला तेव्हा मी उचलला. एका हातात चमचा तसाच. साहेब विचारत होते, ऑफिसात लावायच्या 'सावकाश जगा' या पोस्टरला हिरवा रंग बरा की निळा. मी निळा म्हटलं. मग ते निळ्याबद्दल बोलत राहिले.

फोन ठेवून वळले तर आईनं तोंड मिटून घेतलं होतं. बोलता येत नाही तिला. तिनं डाव्या हातानं ताटली हळूच बाजूला सारली. मी खूप विनवलं. त्या रात्री ती जेवली नाही.

राग साहेबांचा आला. त्याहून जास्त माझा आला.

*

तेव्हापासून सात ते आठ मी फोन बंद ठेवू लागले. भामरेंचा तर पहिल्यापासूनच बंद असायचा. पंधरा दिवसांत आम्हा दोघांच्या टेबलावर पत्र आलं, 'सायंकाळी सात ते आठ या वेळेत आपण उपलब्ध नसता, लेखी खुलासा करावा.' आमची ड्युटी सहाला संपते, हे पत्रात कुठेच नव्हतं.

मी दीड पान लिहिलं. आईचं आजारपण, तिची औषधं, डॉक्टरांचा सल्ला, आणि खाली 'क्षमस्व'. तो शब्द आठवला की आजही कानशिलं तापतात.

भामरेंनी कोऱ्या कागदाच्या मधोमध दोनच शब्द लिहिले, 'जेवत होतो.'

कागद तासाभरात परत आला. वर लाल पेनानं शेरा, 'खुलासा अपुरा. सविस्तर लिहा.'

भामरेंनी चष्मा पुसला, तोच कागद उलटा केला आणि सुवाच्य अक्षरात लिहून शिपायाच्या हाती दिला. जाता जाता मी वाचलं.

'बाजरीची भाकरी, मेथीची भाजी, कांदा, शेवटी थोडा गूळ. सोबत वडील होते, वय अठ्ठ्याऐंशी. आजही सात वाजता जेवणार आहे.'