साखरेच्या वहीतला दुसरा रकाना

गेल्या वर्षी नवरात्रापूर्वी माझी देवीवरची श्रद्धा पार डळमळली होती. भात सोडला, आंबा सोडला, कारल्याचा रस नाक दाबून प्यायलो, गोळ्या वेळेवर घेतल्या, तरी साखर काही उतरेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असंच राहिलं तर इन्सुलिन सुरू करावं लागेल. मी हादरलो. साखर लिहायच्या वहीत त्यांनी एक जादा रकाना आखून दिला होता: मोजताना मनात काय होतं ते लिहा. तिथे मी महिनोन् महिने 'काही नाही' लिहीत आलो, आणि ते मला खरंही वाटायचं. टेलिफोन खात्याच्या तक्रार खिडकीवर सगळी नोकरी लोकांच्या शिव्या ऐकण्यात गेली, आवाज कधी चढला नाही. फाल्गुनात माझी पत्नी सुलभा गेली, तेव्हाही डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. लोकांनी कौतुक केलं आणि मला ते आवडलं.

शेवटी, साखर उतरावी म्हणून नवरात्रात नऊही दिवस अनवाणी दर्शनाला येईन, असं देवीला बोललो. मधुमेह असताना अनवाणी चालायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी दहादा बजावलं होतं. त्यांना सांगितलंच नाही. देवीपुढे डॉक्टरांचं काय चालणार, अशी माझी मिजास.

तिसऱ्या माळेला सकाळी बोरिवलीतल्या आमच्या देवळाबाहेर फुलवालीपाशी थांबलो. दरवर्षी ओटीचं सामान सुलभाच घ्यायची. बाईनं मला ओळखलं आणि न विचारता अबोलीच्या दोन वेण्या पुढे केल्या. "ही देवीची, ही काकींची. काकी मागून येतायत ना?"

"ती गेली," मी म्हणालो. तक्रार खिडकीवरच्याच आवाजात.

तिनं मान खाली घातली आणि एकदम ओरडली, "काका, पाय बघा! रक्त येतंय!"

टाचेत काच घुसली होती आणि मला पत्ता नव्हता. तिनं मला आपल्या स्टुलावर बसवलं, पिण्याच्या बाटलीतलं पाणी ओतलं, काच अलगद काढली. "दुखत नाय?"

"नाही. मला काही होत नाही."

"मग रडताय कशाला?"

गालाला हात लावला, तर ओला. मग मात्र बांध फुटला. भर रस्त्यात, ओळखीच्या माणसांसमोर, हुंदके देऊन रडलो. सुलभाची आठवण येत होती आणि मला टाकून गेली म्हणून तिचा रागही येत होता. देवीचा तर होताच. गिऱ्हाइकं ताटकळत होती, पण फुलवाली माझी टाच धरून बसून राहिली.

नंतर तिनंच रिक्षा थांबवून मला दवाखान्यात धाडलं. डॉक्टरीणबाईंनी खूप झापलं, पण जखम वेळेत कळली, पाय वाचला. त्या संध्याकाळी दुसऱ्या रकान्यात लिहिलं: 'सुलभाची आठवण. रडलो.' तेव्हापासून साखर मोजण्याआधी पाच मिनिटं देवीच्या तसबिरीपुढे डोळे मिटून बसतो. राग असेल तर राग लिहितो, भीती असेल तर भीती. गोळ्या त्याच, पथ्य तेच. साखर हळूहळू उतरली, इन्सुलिन अजून लागलेलं नाही. डॉक्टरीणबाई त्याचं कारण समजावतात, मी ऐकतो आणि देवीला हात जोडतो. नऊ दिवस चालून तिच्याकडून काहीतरी मिळवायला निघालो होतो. तिनं तिसऱ्याच दिवशी मला खाली बसवलं.

यंदा चपला घालून गेलो. पण फुलवाली सोडते थोडीच! "आधी पाय दाखवा." मी मुकाट्यानं स्टुलावर बसलो, दोन्ही तळवे तिच्यापुढे केले. तिनं ते नीट बघितले.

"दुखतंय काय कुठे?"

"हो," मी म्हणालो. "पण पायात नाही."

तिनं मान हलवली आणि काकींची वेणी माझ्या हातात दिली.