बर्फ फोडणाऱ्या जहाजाची निवृत्ती

आमच्याकडं फौजी पेन्शनीत निघून आला की त्याला एसटी स्टँडवरून हलगी वाजवत घरी आणतात. माझे आबा तासगावला उतरले तेव्हा ऊसतोड जोरात होती, कुणीच गेलं नाही. ट्रंक खांद्यावर घेऊन बिचारे चालत आले. ती गोष्ट त्यांनी पुन्हा कधी काढली नाही, पण मनातून गेलीही नव्हती.

बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन-तीन वर्षांनी कोरेगावचा एक मुलगा चुलत्याला घेऊन मला बघायला आला. बोटीवर इंजिनखात्यात होता. मला आवडला, सरळच सांगते. पण आबांना जावई फौजीच हवा होता. पोहे देऊन मी दाराआड जीव मुठीत धरून उभी राहिले.

आबांनी सगळ्यांना विचारायचे तसं विचारलं, सर्विस किती झाली? ह्या बाबानं स्वतःचं सोडून भलत्याच जहाजाचं पुराण लावलं. कॅनडाकडं त्याची बोट बर्फात अडकली होती. तिथल्या तटरक्षक दलाचं बर्फ फोडणारं जहाज आलं आणि त्यानं वाट करून दिली. आबा लडाखला राहिलेले. तिथला बर्फ कुदळीलाही दाद देत नाही, तेव्हा पावनं, थापा नका मारू, असं तोंडावर म्हणाले.

तो काही चिडला नाही. ढेकळं फोडायला आपण फळीवर उभं राहतो ना, तसं ते जहाज बर्फावर चढतं आणि आपल्या वजनानं फोडतं, म्हणाला. महायुद्धाच्या वेळी बांधलेलं, आणि दर हिवाळ्याला त्याच कामावर.

आबा जरा पुढं सरकले. "मग आता कुठं असतंय ते?"

"गेल्या साली कामावरनं काढलं. भंगारात द्यायला ओढून नेत हुते, तवा मी धक्क्यावरच हुतो."

"घालवायला कोण आलं हुतं?"

"कुणी न्हाई, मामा. मी एकटाच टोपी काढून हुबा ऱ्हायलो, दिसायचं बंद हुईपतोर."

आबांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. गेलं हेही स्थळ, म्हणून मी कपाळाला हात लावला. मग त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. माझ्या देखत पहिल्यांदाच. आणि आत आईला हाक मारली, "साखर आण गं. पोरगी ह्यांच्यातच द्यायची."