सुई सरळ केली ती संध्याकाळ

बायकोसंगं मी शेवटचं साधंसुधं काम केलं ते रेकॉर्ड प्लेयरची सुई नीट बसवायचं. लई वर्षं झाली. काल सुनेनं माझ्या पायाची जखम पुसायला स्पिरिटची बाटली उघडली आणि त्या वासानं ती संध्याकाळ आठवली. सुई आम्ही स्पिरिटनंच पुसायचो.

कंग्राळी गावातल्या घरात, दारालगतच्या सोप्यात बसलो होतो. रेकॉर्ड शेवटाला आली की गाणाऱ्या बाईचा आवाज फाटायचा. मला ते कळायचं न्हाय, फौंड्रीत राबून माझे कान गेलेले. ऐकायचं काम हिचं, स्क्रू फिरवायचं माझं. सुई जिच्यात बसते ती कार्ट्रिज वाकडी झाली होती. हिनं कुंकू लावायचा आरसा सुईखाली ठेवला. वरची सुई आणि आरशातली सुई एका रेषेत येते का, ते मी डोळा लावून बघत होतो.

"माझ्या कपाळाकडं कवा एवढं बघितलं न्हाय तुम्ही," ती म्हणाली.

"तुझं कपाळ वाकडं न्हाय गं."

कार्ट्रिजचे दोन्ही स्क्रू ढिले करून मी ती केसभर फिरवली आणि गाणं लावलं. ती शेवटपर्यंत ऐकत बसली.

"झालं बघा. स्वच्छ येतंय. आता हात लावू नका, स्क्रू सकाळी उजेडात आवळा."

पहाटे ती झोपेतच गेली. शेजारीपाजारी जमले. कार्ट्रिज सरकली असती तर आवाज नीट येतोय का हे मला सांगायला आता कोण नव्हतं. माणसं दारात तिरडी बांधत होती, तेवढ्यात मी आत जाऊन दोन्ही स्क्रू आवळले.